टपालाला जे संरक्षण, ते ई-मेलला का नाही?

२४ डिसेंबर १९४० रोजी महात्मा गांधींनी वर्ध्याहून हिटलरला जे दीर्घ पत्र लिहिले, आणि ज्यात नाझी राजवटीच्या कृत्यांचा निषेध करतानाच ब्रिटिश साम्राज्यसत्तेलाही त्यांनी परखड बोल लावले होते, ते पत्र ज्याच्या नावाने लिहिले होते त्याच्यापर्यंत पोहोचले नाही. सरकारने ते पुढे जाऊ दिले नाही. आदल्या वर्षीच्या जुलै महिन्यात वर्ध्याच्या पत्त्यानिशी लिहिलेल्या लहानशा पत्राचीही हीच गत झाली होती. परंतु परसत्तेच्या त्या अंमलातही पत्र अडवण्याचा अधिकार कायद्याच्या शब्दांत बांधलेला होता. १८९८ च्या टपाल कायद्याचे कलम २६ त्यासाठी सार्वजनिक आणीबाणीचे किंवा सार्वजनिक सुरक्षिततेचे कारण मागत असे, आणि हुकूम सरकारचा किंवा सरकारने खास अधिकार दिलेल्या अंमलदाराचा लागत असे. हा बंध सैल होता आणि राज्यकर्त्यांनी आपल्या सोयीने घालून घेतलेला होता, हे मान्य केले तरी टपाल कचेरी ही पत्राची मालक नसून विश्वस्त आहे, आणि विश्वस्ताकडची ठेव उघडायची तर कोणातरी वरिष्ठाने लेखी जबाबदारी शिरावर घेतली पाहिजे, एवढे तत्त्व त्यात गृहीत होते.

आता वर्ध्याचा पत्रव्यवहार टपाल कचेरीतून फारसा होत नाही. सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयातील विद्यार्थी, हिंगणघाटचा कापूस व्यापारी, हिंदी विश्वविद्यालयातील संशोधक, आर्वीच्या न्यायालयात वकिली करणारा आणि त्याचा पक्षकार, या सर्वांची पत्रे खासगी कंपन्यांच्या स्वाधीन असतात. आणि टपालातले पत्र कचेरीत दोन-चार दिवस विसावून ज्याचे त्याला मिळत असे, तर ही पत्रे दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षे त्या कंपन्यांच्या दफ्तरात साठून राहतात. माणसाचे आजार, कर्जे, भांडणे, राजकीय मते आणि कौटुंबिक दुःखे एका ठिकाणी तारीखवार लावलेली सापडावीत असे दफ्तर इतिहासात कोणत्याही सरकारला उपलब्ध नव्हते. म्हणून सरकारने मागणी केली असता हा नवा विश्वस्त काय करतो, आणि आपला कायदा त्याला काय करायला लावतो, हा प्रश्न केवळ संगणकतज्ज्ञांचा नाही.

कायद्यातील विसंगती प्रथम सांगितली पाहिजे, कारण माझ्या मते सर्व अनर्थाचे मूळ तेथे आहे. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घेतली. तिच्या कलम ९४ अन्वये पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारी, म्हणजे आपल्या विदर्भातला ठाणेदार, तपासासाठी आवश्यक वाटेल तो दस्तऐवज किंवा इलेक्ट्रॉनिक संदेश हजर करण्याचा लेखी हुकूम कोणालाही देऊ शकतो. जुन्या संहितेच्या कलम ९१ मध्ये हाच अधिकार होता. नव्या संहितेने इलेक्ट्रॉनिक संदेशांचा त्यात स्पष्ट उल्लेख केला. नोंदणीची माहिती आणि पत्राचा मजकूर यांत या कलमाची भाषा भेद करीत नाही. आता त्याच कलमाचे तिसरे पोटकलम पाहावे: टपाल कचेरीच्या ताब्यातील पत्र, पोस्टकार्ड किंवा पार्सल यांना हे कलम लागू नाही. त्यांच्यासाठी कलम ९५ स्वतंत्र आहे, आणि त्याप्रमाणे असे टपाल मागवण्याचा अखत्यार जिल्हादंडाधिकारी, मुख्य न्यायदंडाधिकारी, सत्र न्यायालय किंवा उच्च न्यायालय यांनाच आहे. जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकालासुद्धा ते टपाल शोधून या वरिष्ठांचा हुकूम येईपर्यंत केवळ थांबवून ठेवता येते. म्हणजे वर्ध्याच्या मुख्य टपाल कचेरीतला आठ आण्यांच्या पोस्टकार्डावरचा मजकूर, जो वाटेत पोस्टमनही वाचू शकतो, तो हस्तगत करायला पोलीस अधीक्षकाचा अधिकार अपुरा पडतो, आणि संकेतशब्दाने कुलूपबंद केलेली एखाद्याची पंधरा वर्षांची पत्रे मागवायला ठाणेदाराची सही पुरेशी होते.

माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६९ हा दुसरा मार्ग आहे. त्याखाली २००९ मध्ये केलेल्या नियमांप्रमाणे संदेशावर पाळत ठेवण्याचा हुकूम सामान्यतः केंद्रात किंवा राज्यात गृह विभागाच्या सचिवाचा लागतो, त्याला मुदत असते आणि एक आढावा समिती दोन महिन्यांतून एकदा तरी अशा हुकमांची छाननी करते. छाननी करणारे सारे अधिकारी शासनाचेच असतात, न्यायाधीश कोणी नसतो, आणि कंपनीने सर्व प्रकार गुप्त ठेवावयाचा असतो, हे या मार्गाचे दोष आहेत. तरी तेथे निदान मुंबईच्या मंत्रालयापर्यंत कागद जावा लागतो. परंतु जवळची वाट उघडी असताना लांबची वाट कोण धरील?

ठाणेदाराची नोटीस आल्यावर कंपनी काय करते, हे मुख्यतः ती कंपनी कोणत्या देशाच्या कायद्याखाली नांदते यावर अवलंबून असते. आपल्याकडे सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या सेवा अमेरिकन आहेत. आपल्या पोलिसांची नोटीस त्यांच्याकडे गेली म्हणजे खातेदाराचे नाव, दूरध्वनी क्रमांक, खाते कधी व कोणत्या इंटरनेट पत्त्यावरून उघडले गेले एवढा तपशील त्या तपासून देतात, कधी मागणी अतिव्यापक म्हणून परत पाठवतात. पत्रांचा मजकूर मागितला तर मात्र अमेरिकन कायद्याकडे बोट दाखवतात, आणि मग भारत-अमेरिका यांच्यात २००१ मध्ये झालेल्या व २००५ मध्ये अंमलात आलेल्या परस्पर न्यायसाहाय्य कराराप्रमाणे कागदपत्रे दिल्लीमार्गे तिकडच्या न्यायालयापुढे रुजू करावी लागतात. तपासी अंमलदार या विलंबाने हताश होतात, आणि त्यांची ती तक्रार खोटी नाही. पण नागरिकाच्या बाजूने पाहता यातून निघणारा निष्कर्ष अधिक खेदकारक आहे: वर्ध्यातील माणसाच्या पत्राचे आज जे काही रक्षण होते, ते त्याच्या संविधानाने नव्हे, तर परदेशाच्या कायद्याने होते.

कंपन्यांच्या स्वतःच्या सदसद्विवेकावर विसंबावे, तर गेल्या वीस-बावीस वर्षांचा इतिहास दोन्ही टोकांचे दाखले देतो. चीनमधील शी ताओ या पत्रकाराने २००४ मध्ये सरकारी सूचनांचा तपशील याहूच्या खात्यातून परदेशी पाठवला. कंपनीने त्याची ओळख चिनी अधिकाऱ्यांना दिली, आणि त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. पुढे २००७ मध्ये अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे कंपनीचे प्रमुख जेरी यांग यांनी त्याच्या आईची क्षमा मागितली. त्याच कंपनीने लगोलग अमेरिकेत मात्र आपल्या सरकारच्या गुप्त मागणीविरुद्ध गुप्त न्यायालयात झुंज दिली आणि दररोज अडीच लाख डॉलर दंडाची धमकी आल्यावर ती नमली. दंडाची ही धमकी २०१४ पर्यंत जनतेला कळली नव्हती. टेक्सासमधील लव्हाबिट ही लहानशी सेवा चालवणाऱ्या लाडार लेव्हिसन यांना २०१३ मध्ये सर्व ग्राहकांच्या पत्रांचे कुलूप उघडणारी किल्लीच सरकारने मागितली. त्यांनी ती आधी बारीक टंकात अकरा कागदांवर छापून दिली, न्यायालयाने दररोज पाच हजार डॉलर दंड लावला, तेव्हा किल्ली दिली, आणि त्याच दिवसांत सेवा बंद केली. एका खातेदारासाठी चार लाखांचा विश्वास मोडण्यापेक्षा धंदा मोडलेला बरा, असे मानणारा हा माणूस मला या सर्व प्रकरणात सर्वाधिक आदरणीय वाटतो. परंतु असा त्याग हा नियम होऊ शकत नाही. स्वित्झर्लंडच्या प्रोटॉनमेलची ख्याती गुप्ततेसाठी. तिनेही २०२१ मध्ये स्विस अधिकाऱ्यांच्या बंधनकारक हुकमावरून एका फ्रेंच पर्यावरण कार्यकर्त्याचा इंटरनेट पत्ता नोंदवून दिला. पत्रांचा मजकूर तिला देता आला नाही, कारण तो तिला स्वतःलाही वाचता येत नाही अशी रचना तिने आधीच केलेली होती.

आता आपल्या महाराष्ट्रातले उदाहरण. छत्रपती शिवाजी महाराजांविषयी गुगलच्या ऑर्कुट या समाजमाध्यमावर अवमानकारक मजकूर व चित्रे आल्यावरून पुणे पोलिसांनी २००७ मध्ये तपास केला. गुगलने इंटरनेट पत्ता दिला, तो पत्ता कोणाचा हे इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीने सांगितले, आणि बंगळूरच्या एका तरुण अभियंत्याला अटक होऊन पुण्यास आणण्यात आले. ज्या क्षणाच्या ज्या पत्त्याविषयी विचारले होते, त्याचा तो ग्राहकच नव्हता; कंपनीने चुकीचे नाव कळवले होते. हे उघड होऊन सुटका होईपर्यंत त्या निरपराध माणसाचे पन्नास दिवस कोठडीत गेले. या प्रकरणात पोलिसांनी कायद्याने मिळते ते मागितले आणि कंपन्यांनी मागितले ते दिले. मागणारा आणि देणारा यांच्यामध्ये थांबून 'पुन्हा एकदा ताडून पाहा' असे म्हणणारा तिसरा कोणी नव्हता. न्यायदंडाधिकाऱ्यापुढे कागद गेला असता तर चूक खात्रीने सापडली असती असे मी म्हणत नाही. पण ज्याला तपासाची घाई नाही आणि ग्राहक गमावण्याची भीतीही नाही, अशा माणसाच्या नजरेखालून ती गेली असती.

दुसरी बाजू लहान नाही. मुंबईतील रिझर्व्ह बँकेपासून चेन्नईतील शाळांपर्यंत बाँबच्या धमक्या ई-मेलने येतात. प्राथमिक शाळेतली मुले मैदानात उभी करून वर्ग तपासावे लागतात. एप्रिल २०२५ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयापुढे आलेल्या याचिकेत एका संस्थेतील स्त्री कर्मचाऱ्यांविषयी अश्लील मजकूर आणि कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेली चित्रे ई-मेलने पसरवली गेल्याची तक्रार होती, आणि न्यायालयाने प्रोटॉनमेलवर बंदीची कार्यवाही करण्याचा आदेश केंद्र सरकारला दिला. त्या स्त्रियांना न्याय हवाच. देवळीची किंवा समुद्रपूरची एखादी मुलगी अशी तक्रार घेऊन ठाण्यात आली, तर तिला करारमदाराची लांबलचक वाट दाखवणे हे निर्दयपणाचे होईल. तथापि हा पेच सोडवायला नवी युक्ती शोधावी लागत नाही. कलम ९५ मध्ये टपालासाठी ती शंभराहून अधिक वर्षांच्या अनुभवाने घालून ठेवलेली आहे. पुरावा नष्ट होऊ नये म्हणून ठाणेदाराने खाते जसेच्या तसे जतन करण्याचा हुकूम त्याच घटकेला द्यावा, कंपनीने तो मुकाट्याने पाळावा. आणि ते उघडून वाचण्यासाठी मात्र न्यायदंडाधिकाऱ्याची सकारण लेखी परवानगी घ्यावी.

ही निकड अलीकडे वाढली आहे. केंद्र सरकारच्या सुमारे बारा लाख कर्मचाऱ्यांची ई-मेल व्यवस्था झोहो या भारतीय कंपनीकडे सोपवली गेल्याचे २०२५ मध्ये जाहीर झाले, आणि सामान्य लोकांनीही देशी सेवेकडे वळावे असा प्रचार सुरू झाला. ज्या जिल्ह्यातून खादी आणि ग्रामोद्योगाचा विचार देशभर गेला, तेथील माणसाला ही गोष्ट मनापासून आवडावी यात नवल नाही, मलाही आवडते. परंतु पत्रे स्वदेशी कंपनीच्या दफ्तरात आली, की मध्ये उभा असलेला परदेशी न्यायालयाचा अडसर निघून जातो, आणि कलम ९४ ची नोटीस सरळ पत्रांपर्यंत पोहोचते. आपले दफ्तर आपल्या देशात आणायचे, तर त्याचे रक्षण करणारा कायदाही आपल्या देशात असला पाहिजे.

याला आधार नाही असे नाही. दूरध्वनीवरील पाळतीला १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नियम घालून दिले. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्याआधी १९८६ मध्ये टपाल अडवण्याच्या अधिकाराविषयीचे विधेयक संसदेने मंजूर केले असता राष्ट्रपती झैलसिंग यांनी त्यावर संमतीची सही केली नाही, आणि ते विधेयक कधीच कायदा झाले नाही. २०२३ च्या नव्या टपाल कायद्याने मात्र हा अधिकार कोणत्याही कार्यपद्धतीचे बंधन कलमात न घालता पुन्हा विस्तृतपणे दिला, ही चिंतेची बाब आहे. ई-मेलला टपालाच्या पातळीवर आणण्याऐवजी टपालच ई-मेलच्या पातळीवर उतरू नये.

मागणी मोठी नाही. कलम ९४ मधून संदेशांचा मजकूर वगळून तो कलम ९५ च्या कक्षेत घालावा. तपास संपल्यावर, किंवा ठरावीक मुदतीनंतर, ज्याची पत्रे वाचली त्याला तसे कळवावे. आणि कोणत्या राज्याच्या पोलिसांनी किती मागण्या केल्या, त्यांपैकी किती कंपन्यांनी मानल्या, याचा आकडा दरवर्षी विधिमंडळापुढे ठेवावा. गुगलसारखी खासगी कंपनी २०१० पासून असे आकडे देशवार प्रसिद्ध करते. लोकनियुक्त शासनाला ते अवघड असू नये. एवढी दुरुस्ती सुचवणारे खासगी विधेयक लोकसभेचा मंत्री नसलेला कोणताही सदस्य मांडू शकतो. वर्ध्याच्या खासदारांनी ते मांडावे, आणि वर्ध्याच्या मतदारांनी ते त्यांच्याकडे लेखी मागावे.