वाऱ्याच्या नावाने बिल फाडू नका

१३ मे २०२४ ला घाटकोपरच्या छेडानगरात पेट्रोल पंपावर होर्डिंग कोसळून १७ माणसं गेली. तेव्हापासून दोन जमातींनी डोकं उठवलंय. पहिली 'देवाची करणी'वाल्यांची. कोर्टातल्या याचिकेतही हाच सूर लागला. दुसरी आपलीच, बी.ई. झालेल्यांची! यांना लगेच टॅकोमाचा पूल आठवतो आणि मग रेझोनन्स, फ्लटर वगैरे सुरू.

मंडळी, अमेरिकेतला टॅकोमा नॅरोज पूल १९४० साली पडला, तो ताशी ६५ किलोमीटरच्या आसपासच्या वाऱ्यात. वाऱ्याच्या नुसत्या दाबाच्या हिशोबात तो पास होता. गोम वेगळीच होती. वारा पुलाला पिळतो, पिळलेला पूल वाऱ्याची वाट बदलतो आणि तो बदललेला वारा पुलाला आणखी पिळतो. दोघांची समीकरणं एकत्रच सोडवावी लागतात. हे गणित खरंच अवघड आहे, आजही भल्याभल्या कॉम्प्युटरना घाम फोडतं.

घाटकोपरला तिथवर जायची वेळच आली नाही हो!

पालिकेची मर्यादा ४० बाय ४० फूट, हे धूड १२० बाय १२०. म्हणजे वाऱ्याला नऊपट जागा. वर तो जोर जास्त उंचीवर लागणार, म्हणजे पाया उखडायला पहारही लांब. व्हीजेटीआयच्या तपासणीत निघालं की पाया ताशी ४९ किलोमीटरच्या वाऱ्यापुरताच होता. त्या दिवशीचा वारा ८७ चा. दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, हे अकरावीत शिकवतात. ८७ भागिले ४९, त्याचा वर्ग. तीनपटीहून जास्त!

"पण वळवाचा झोत काय सांगून येतो?" नाही येत. म्हणूनच आपल्या आयएस ८७५ मध्ये मुंबईसाठी सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी १५८ किलोमीटर, असा आकडा दिलाय. तो सरासरी वारा नाहीच, तीन सेकंदांचा झोत आहे, पन्नास वर्षांतून एखादा येईल असा. त्या हिशोबाने पाया दहापट कमी पडत होता. सर्व्हर दहापट लहान घेऊन वर युजर्सना शिव्या घालणाऱ्याला आम्ही दारात उभं करणार नाही.

तेव्हा फ्लटर राहू द्या. अंधेरी ते बोरिवली हायवेवरच्या प्रत्येक होर्डिंगवर, परवान्याच्या नंबराशेजारी, ते किती वाऱ्यासाठी बांधलंय तो आकडा ठळक लिहा. खाली सही करणाऱ्या इंजिनियरचं नाव.