नस्लेनच्या यशामागची चित्रसृष्टी

‘लोका : चॅप्टर वन – चंद्रा’ हा मल्याळम चित्रपट २८ ऑगस्ट २०२५ रोजी प्रदर्शित झाला आणि काही आठवड्यांतच त्याने जगभरातून तीनशे कोटी रुपयांहून अधिक उत्पन्न मिळवले. तोवरच्या कोणत्याही मल्याळम चित्रपटाला एवढा पल्ला गाठता आला नव्हता. विशेष म्हणजे या चित्रपटाचा सारा भार एका नायिकेवर, कल्याणी प्रियदर्शनवर आहे. तिच्या शेजारी राहणाऱ्या, काहीशा बावरलेल्या तरुणाची भूमिका नस्लेन या पंचविशीतल्या अभिनेत्याने केली आहे. त्याच्या नावावर त्याआधीच शंभर कोटींचा टप्पा ओलांडणारा ‘प्रेमलू’ जमा होता. असा नट आपल्याकडे दुय्यम भूमिका स्वीकारील काय आणि स्वीकारली तर ती त्याची पीछेहाट मानली जाणार नाही काय, असा प्रश्न मराठी प्रेक्षकाच्या मनात सहज येईल. केरळमध्ये तो फारसा कुणाला पडला नाही. नस्लेनच्या उदयाचा विचार करताना लक्षात घ्यायची गोष्ट हीच आहे. गुणी मुलगा कोणत्याही प्रदेशात जन्माला येऊ शकतो. त्याला पायरीपायरीने वर आणणारी व्यवस्था मात्र प्रत्येक प्रदेशात नसते.

नस्लेन त्रिशूर जिल्ह्यातील कोडुंगल्लूरचा. ‘मधुर राजा’ या २०१९ मधील चित्रपटात तो गर्दीतला एक चेहरा होता. श्रेयनामावलीत त्याचे नावही नव्हते. त्याच वर्षी गिरीश ए. डी. या नवोदित दिग्दर्शकाचा ‘तण्णीर मत्तन दिनंगळ’ आला. शाळकरी मुलामुलींच्या या साध्या गोष्टीत नायक मॅथ्यू थॉमस होता आणि नस्लेन त्याचा वाचाळ मित्र. प्रेक्षकांनी त्या मित्राला लक्षात ठेवले. मात्र लक्षात राहिला म्हणून पुढच्याच वर्षी त्याला कुणी नायक करून टाकले नाही.

२०२१च्या ऑगस्ट महिन्यात, महासाथीच्या काळात, त्याचे दोन चित्रपट काही दिवसांच्या अंतराने थेट घरच्या पडद्यावर आले. ‘कुरुती’मध्ये तो धर्मद्वेषाच्या भोवऱ्यात सापडलेला संतप्त तरुण होता, तर ‘होम’मध्ये इंद्रन्स यांनी रंगवलेल्या भोळ्या बापाचा आळशी, खोडकर धाकटा मुलगा. एकाच महिन्यात दोन टोकांच्या भूमिका, त्याही मुरलेल्या नटांच्या सोबत. ‘होम’ला पुढे सर्वोत्कृष्ट मल्याळम चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि इंद्रन्स यांच्या अभिनयाची विशेष दखल घेतली गेली. अशा नटासमोर उभे राहून मिळालेले शिक्षण कोणत्याही अभिनयशाळेत मिळणार नाही. त्यानंतर ‘सुपर शरण्या’ आला. २०२३ मध्ये ‘नेमार’ आणि ‘१८ प्लस’ आले तेव्हा कुठे नायकाची जागा त्याच्याकडे सरकू लागली. ‘प्रेमलू’ प्रदर्शित झाला ९ फेब्रुवारी २०२४ रोजी. म्हणजे गर्दीतल्या चेहऱ्यापासून इथवर यायला जवळजवळ पाच वर्षे लागली आणि या पाच वर्षांत त्याला काम मिळत राहिले.

काम मिळत राहिले, या तीन शब्दांत मल्याळम चित्रसृष्टीची खरी ताकद आहे. गिरीश ए. डी. यांच्या पहिल्या चारही चित्रपटांत नस्लेन आहे; कधी मित्र म्हणून, कधी नायक म्हणून. दिग्दर्शकाला नटाच्या मर्यादा ठाऊक आहेत आणि नटाला दिग्दर्शकाचा विनोद कुठे दडलेला असतो ते कळते. ‘प्रेमलू’ची नायिका ममिता बैजू हीदेखील याच वाटेने आली. ‘सुपर शरण्या’मध्ये ती नायिकेची मैत्रीण होती, दोन वर्षांनी त्याच दिग्दर्शकाने तिला नायिका केले. ‘प्रेमलू’च्या निर्मितीमागे ‘भावना स्टुडिओज’ ही संस्था होती. तिचे चालक फहाद फासिल, दिलीश पोत्तन आणि श्याम पुष्करन हे अनुक्रमे नट, दिग्दर्शक आणि पटकथाकार. फहादचा २००२ मधला पहिला चित्रपट सपशेल आपटला होता. तो पडद्यावरून दूर गेला आणि २००९ मध्ये लहान भूमिकेतून परतला. ज्याला स्वतःला दुसरी संधी मिळाली, तो आज इतरांना पहिली संधी देतो आहे. कमावलेला पैसा आणि अनुभव पुढच्या पिढीत गुंतवण्याची ही रीत तिथे रुजली आहे.

दुसरी गोष्ट भूमिकांची. ‘प्रेमलू’मधील सचिन हा विलायतेचा व्हिसा नाकारला गेल्यामुळे खट्टू झालेला तरुण आहे. गावात राहवत नाही म्हणून तो मित्रासोबत स्पर्धा परीक्षेच्या शिकवणीसाठी हैदराबादला जातो आणि तिथे नोकरी करणाऱ्या, त्याच्याहून कितीतरी पुढे असलेल्या मुलीच्या प्रेमात पडतो. ‘आलप्पुळा जिमखाना’मधील मुले बारावीत नापास झाली आहेत, क्रीडा कोट्यातून महाविद्यालयात प्रवेश मिळावा म्हणून ती मुष्टियुद्ध शिकायला जातात. दोन्हीकडे नायक पराक्रमी नाही. शिक्षण आहे पण दिशा नाही आणि गाव सोडण्याशिवाय मार्ग दिसत नाही, अशा पिढीचा तो प्रतिनिधी आहे. पोर्तुगीज पारपत्राच्या आधारे इंग्लंड गाठलेल्या मुलांची घरे गोव्यातील कितीतरी वाड्यांवर आहेत. त्या घरांना सचिन परका वाटणार नाही. लेखकांनी आपल्या अवतीभवतीचा तरुण पाहिला, म्हणून तसाच दिसणारा, तसाच बोलणारा नट त्यांना हवा झाला. भूमिका आधी जन्मली आणि ताऱ्याचा जन्म तिच्यातून झाला.

अशी गोष्ट जितकी आपल्या मातीतली, तितकी ती दूर जाते, याचाही पडताळा आला. ‘प्रेमलू’ तेलुगू भाषेत रूपांतरित होऊन मार्च २०२४ मध्ये आंध्र आणि तेलंगणात प्रदर्शित झाला. एस. एस. राजामौली यांचे पुत्र कार्तिकेय यांनी तो तिथे आणला आणि राजामौली यांनी त्याचे जाहीर कौतुक केले. भव्य पडद्यासाठी प्रसिद्ध असलेल्या चित्रसृष्टीने या छोट्या विनोदी प्रेमकथेला आपले म्हटले.

केरळचे हे चित्र एकरंगी नाही, हेही सांगितले पाहिजे. निवृत्त न्यायमूर्ती के. हेमा यांच्या समितीचा अहवाल १९ ऑगस्ट २०२४ रोजी खुला झाला, तेव्हा याच चित्रसृष्टीत स्त्रियांना सोसावे लागणारे शोषण आणि कामाच्या ठिकाणची असुरक्षितता जगासमोर आली. २०१७ मध्ये नेमलेल्या समितीने २०१९ मध्ये दिलेला हा अहवाल जवळजवळ पाच वर्षे दडून राहिला होता. पाठोपाठ ‘अम्मा’ या कलाकार संघटनेच्या कार्यकारिणीने सामूहिक राजीनामा दिला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये श्वेता मेनन या संघटनेच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. नस्लेन ज्या पायऱ्या चढला त्या त्याच्या वयाच्या मुलींसाठी तितक्याच सुरक्षित आहेत काय, हा प्रश्न त्यामुळे टाळता येत नाही. आर्थिक बाजूही नाजूक आहे. २०२४ मधील बहुतेक चित्रपट तोट्यात गेल्याचे सांगत निर्मात्यांच्या संघटनेने २०२५च्या आरंभी संपाची भाषा केली होती. नटांचे वाढते मानधन ही त्यांची एक मुख्य तक्रार होती. शंभर कोटींचा आकडा डोळे दिपवतो, पण त्याच्या मागे बुडालेल्या चित्रपटांची रांगही असते.

तरीही तुलना केल्यावाचून राहवत नाही. आपली बाजारपेठ लहान, म्हणून आपले चित्रपट लहान, असा युक्तिवाद मराठीत नेहमी ऐकू येतो. २०११च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषा असलेले ८ कोटी ३० लाख, तर मल्याळम मातृभाषा असलेले ३ कोटी ४८ लाख. संख्येचे कारण पुढे करता येणार नाही. गुणवत्तेचेही नाही. २९ एप्रिल २०१६ रोजी आलेल्या ‘सैराट’ने शंभर कोटींचा उंबरठा मल्याळमच्या ‘प्रेमलू’पेक्षा आठ वर्षे आधी ओलांडला. अकलूजच्या रिंकू राजगुरूला शाळकरी वयात राष्ट्रीय पुरस्कारांत विशेष उल्लेख मिळाला. पण तिचा पुढचा मराठी चित्रपट ‘कागर’ आला तो २०१९ मध्ये. मधल्या काळात तिचे शिक्षण चालू होते, हे खरे. तिने ‘सैराट’च्या कन्नड अवतारातही काम केले. तरी एवढ्या मोठ्या यशानंतर तिच्यासाठी आणि आकाश ठोसरसाठी भूमिका लिहिणारे, त्यांना वेगवेगळ्या छटांत पाहणारे किती लेखक-दिग्दर्शक पुढे आले? नागराज मंजुळे यांनी दोघांनाही ‘झुंड’मध्ये पुन्हा घेतले, पण तो हिंदी चित्रपट होता आणि तोवर २०२२ उजाडले होते. मराठी चित्रसृष्टीला हिरा सापडतो. त्याला पैलू पाडण्याचे काम मात्र ज्याने तो शोधला त्याच्यावरच सोडून दिले जाते.

गोव्याची गोष्ट याहून अवघड आहे. कोकणी चित्रपटाचा आरंभ १९५० मधील ‘मोगाचो आंवडो’ने झाला. लक्ष्मीकांत शेटगावकर यांच्या ‘पलतडचो मनीस’ला २००९ मध्ये टोरांटो महोत्सवात समीक्षकांचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २००४ पासून भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव पणजीत भरतो. इकडे जत्रा-उत्सवांत देवळाच्या प्रांगणात गावची मुले मराठी नाटके करतात, कला अकादमीच्या स्पर्धांत दरवर्षी नवे नट चमकतात, तियात्राला भरगच्च प्रेक्षक लाभतो. अभिनयाची एवढी दाट परंपरा फार थोड्या प्रदेशांना लाभली असेल. तरीही स्पर्धेत बक्षीस मिळवलेल्या मुलापुढे दुसऱ्या दिवशी दोनच वाटा असतात : मुंबई गाठायची किंवा नोकरी धरून पुढच्या वर्षीच्या नाटकाची वाट पाहायची. रंगमंच आणि पडदा यांच्यामधल्या पायऱ्याच आपल्याकडे नाहीत.

केरळइतका प्रेक्षक गोव्याला कधीच मिळणार नाही, हे मान्य करूनही काही गोष्टी आपल्या हातात आहेत. सरकारी अर्थसाहाय्य देताना एकेकट्या चित्रपटाऐवजी दिग्दर्शकाच्या सलग दोन-तीन लहान चित्रपटांचा विचार करता येईल. राज्याच्या नाट्यस्पर्धांत पुरस्कार मिळवलेल्या कलाकारांना त्या चित्रपटांत भूमिका देण्याची अट घालता येईल. मराठी आणि कोकणी असा भेद न करता एकाच नटाला दोन्ही भाषांत वावरता येईल असे पाहता येईल. प्रत्यक्षात आपले नट रंगमंचावर तसे वावरतातच. महोत्सवाच्या नऊ दिवसांवर होणाऱ्या खर्चाच्या तुलनेत ही तरतूद फार मोठी ठरणार नाही.

नस्लेनची खरी परीक्षा यापुढेच आहे. ‘प्रेमलू’नंतर आलेल्या ‘आय अ‍ॅम कातलन’ला तसा गाजावाजा लाभला नाही. गोंधळलेला, हसवणारा, प्रेमात पडणारा तरुण ही त्याची ओळख त्याला आणखी किती वर्षे पुरेल, हेही पाहावे लागेल. वय वाढेल, मानधन वाढेल आणि वाढत्या मानधनाबरोबर फक्त खात्रीच्याच भूमिका करण्याचा मोहही वाढेल. पण एखादा चित्रपट पडला तरी त्याला पुन्हा उभे करणारे लेखक, दिग्दर्शक आणि निर्माते त्याच्या भोवती आहेत. ‘लोका’मध्ये नायिकेच्या मागे उभे राहण्याचा निर्णय त्याला निर्धास्तपणे घेता आला, त्यामागे हाच भरवसा असावा. आपल्या मुलांना गुणांची देणगी मिळालेलीच आहे. असा भरवसा त्यांना द्यायचा की नाही, हे आपण ठरवायचे आहे.