लाल दवा, तपकिरी पाणी आणि सातचा आकडा

बेसा (नागपूर) येथील एक भगिनी विचारतात: "आमच्या अंगणातल्या विहिरीत सासूबाई लाल दवा टाकायला सांगतात. पाणी गुलाबी होतं आणि दुसऱ्या दिवशी तपकिरी. ते प्यावं का? मुलगी म्हणते, या दव्यातल्या मँगनीजचा ऑक्सिडीकरण अंक सात आहे. त्याचा आमच्या पाण्याशी काय संबंध?"

ताई, संबंध अगदी जवळचा आहे. लाल दवा म्हणजे पोटॅशियम परमँगनेट. त्यातलं मँगनीज तुमच्या जिल्ह्याच्या ओळखीचंच. रामटेक तालुक्यातल्या मनसर, कांद्रीच्या खाणींतून त्याचं खनिज निघतं.

आता मुलीच्या वहीतलं गणित पाहू. पोटॅशियमच्या नावावर अधिक १. प्रत्येक ऑक्सिजनच्या नावावर उणे २, म्हणजे चार ऑक्सिजनचे उणे ८. बेरीज शून्य यायला हवी, म्हणून मँगनीजच्या वाट्याला येतात अधिक ७. हा काही त्याच्यावरचा खराखुरा विद्युतभार नव्हे. घरखर्चाच्या वहीसारखा तो नुसता हिशेब आहे.

इलेक्ट्रॉन हा ऋणभाराचा, उधारीसारखा समजा. जो तो देऊन टाकतो त्याचा अंक चढतो. हे झालं ऑक्सिडीकरण. जो घेतो त्याचा अंक उतरतो. ते क्षपण.

अधिक ७ वर बसलेलं मँगनीज इलेक्ट्रॉनसाठी हपापलेलं असतं. विहिरीतला कुजलेला पाला, पाण्यात विरघळलेलं लोह, रोगजंतू, जे सापडेल त्याच्याकडून ते इलेक्ट्रॉन ओढून घेतं. जंतू मरतात ते यामुळेच. तीन इलेक्ट्रॉन मिळाले की अंक ७ वरून ४ वर येतो आणि मँगनीज डायऑक्साइडचे बारीक तपकिरी कण तयार होतात. तुमच्या पाण्याचा रंग बदलतो तो असा.

म्हणजे तपकिरी रंग सांगतो की दवा संपली. पाणी शुद्ध झालं, असं मात्र तो सांगत नाही! विहिरीत पालापाचोळा फार असेल तर दवा त्यातच खर्ची पडते आणि जंतूंच्या वाट्याला थोडीच उरते. सासूबाईंचं सांगणं अगदीच निराधार नाही बरं का. १८९० च्या दशकात पटकीच्या साथींत हँकिन या शास्त्रज्ञाने आपल्या देशात विहिरींत हीच दवा टाकण्याचा पुरस्कार केला होता. पण आज त्याहून भरवशाचे उपाय हाताशी आहेत. तेव्हा एवढं करा:

१. पाणी गुलाबी असेपर्यंत पिऊ नका. तपकिरी झालं तर गाळ खाली बसू द्या, वरचं पाणी दुपदरी स्वच्छ फडक्यातून गाळा आणि खळखळ उकळून मगच प्या.

२. विहिरीत पाला पडू देऊ नका, वर जाळी बसवा. निर्जंतुक करण्यासाठी ब्लीचिंग पावडर वापरावी. तिचं प्रमाण विहिरीतल्या पाण्यावर ठरतं, म्हणून आरोग्य कर्मचाऱ्यांना विचारूनच ती टाका. टाकल्यावर निदान तासभर पाणी काढू नका.

३. लाल दव्याचे खडे मुलांच्या हाती लागू देऊ नका. पोटात गेले तर तोंड व घसा भाजतो. ग्लिसरीनच्या बाटलीजवळ तर मुळीच ठेवू नका. दोन्ही एकत्र आले की पेट घेतात. ग्लिसरीन इलेक्ट्रॉन देणारं, दवा घेणारी, आणि देवघेव इतकी झपाट्याने होते की आगच लागते.

बादलीला किंवा बोटांना तपकिरी डाग पडले असतील तर लिंबाची फोड चोळून पाण्याने धुवा. लिंबातलं क जीवनसत्त्व मँगनीजला आणखी दोन इलेक्ट्रॉन देतं, अंक ४ वरून २ वर येतो आणि डाग जातो. हे काम मुलीकडूनच करून घ्या. पुस्तकातलं क्षपण तिला बादलीवरच दिसेल.