प्राप्त तक्रारी : निरंक

शाळेच्या सुरक्षाविषयक माहितीचा तक्ता ‘आजच, सायंकाळी पाचपर्यंत’ भरण्याचा निरोप पुन्हा आला, आणि या महिन्यात आलेल्या मुख्याध्यापकांच्या बहुतेक पत्रांत त्याच तक्त्याबद्दल संताप आहे. तक्रारपेटी? आहे. सखी सावित्री समिती? स्थापन. सीसीटीव्ही? चालू. प्राप्त तक्रारी? निरंक. तालुक्याचा गोषवारा पूर्ण होतो, साहेब समाधानी. एखाद्या शाळेने प्रामाणिकपणे ‘चार’ लिहिले, तर मात्र तिच्याकडूनच खुलासा मागवतात.

तक्रारपेटीचे परिपत्रक मे 2017चे. पेटी दर्शनी भागात हवी. बदलापूरच्या शाळेतील लैंगिक अत्याचाराच्या घटनेनंतर 21 ऑगस्ट 2024च्या शासन निर्णयाने महिनाभरात सीसीटीव्ही बसवायला सांगितले, मुख्याध्यापकांनी आठवड्यातून किमान तीनदा चित्रण तपासावे असेही बजावले. दोन्ही आदेश आपापल्या जागी योग्यच. पण आपल्या शाळांत दर्शनी भाग म्हणजे कार्यालयाचा व्हरांडा, आणि पहिला कॅमेराही तिथेच. ज्याचा डबा रोज हिसकावला जातो, ज्याला जातीवरून किंवा तोतरेपणावरून हाक मारली जाते, तो सातवीतला मुलगा मधल्या सुट्टीत सगळ्यांदेखत तिथे चिठ्ठी टाकेल? एका वाचकाने पेटी ग्रंथालयाच्या खोलीत हलवली. महिन्याभरात तीन चिठ्ठ्या आल्या. तपासणीत शेरा मिळाला : ‘पेटी दर्शनी भागात नाही’. हा शेरा मारणाऱ्याने त्या तीन चिठ्ठ्यांचे पुढे काय झाले, हे विचारलेही नाही.

कायद्याचीही तीच गत. 1999चा महाराष्ट्र रॅगिंग प्रतिबंध कायदा महाविद्यालयांपुरताच आहे, असे आपल्यापैकी अनेक जण धरून चालतात. प्रत्यक्षात त्या कायद्याच्या कक्षेत मुख्याध्यापकही येतात. चिडवणे, धमकावणेही येते. तक्रार आल्यापासून सात दिवसांत चौकशी, तथ्य दिसल्यास विद्यार्थ्याचे निलंबन आणि प्रकरण पोलिसांकडे. टाळाटाळ केली तर मुख्याध्यापकच अपप्रेरणेचा दोषी. दुसरीकडे शिक्षण हक्क कायद्याचे कलम 16 आठवीपर्यंत कोणालाही शाळेतून काढू देत नाही, आणि ते तसेच हवे. मग अकरा वर्षांच्या मुलाने वर्गमित्राचा छळ केला तर काय करायचे? त्याच्या वयाला झेपेल अशी कार्यपद्धती शासनाने लिहून द्यायला हवी होती. समुपदेशक कुठून आणायचा, हेही सांगायला हवे होते. त्याऐवजी आणखी एक समिती आणि आणखी एक लिंक आली.

पण सगळे खापर वरिष्ठ कार्यालयावर फोडून चालणार नाही. त्रास झालेल्या मुलाच्या पालकांनाच ‘दाखला घेऊन जा, मी लगेच सही करतो’ असे सांगणारे आपल्यातही आहेत. हा पळपुटेपणा आहे. छळणारा वर्गात बसतो आणि सोसणारा अर्ध्या वर्षात शाळा बदलतो, हे आपल्या सहीने घडते.

मित्रहो, येत्या मुख्याध्यापक सभेत हा विषय पटलावर घ्याच. तक्त्यातून तक्रारींचा आकडा काढून टाकायला सांगा. त्याजागी चौकशी किती दिवसांत झाली आणि महिन्याभराने त्या मुलाशी कोण बोलले, हे दोन रकाने मागा. पेटीची जागा शाळेने मुलांना विचारून ठरवावी, असा ठराव करा. ठरावाच्या प्रती आणि तुमचे अनुभव, मुलांची नावे वगळून, आमच्याकडे पाठवा. पुढचा अंक त्यासाठीच राखून ठेवला आहे.