स्फुरद आहे, पण ओल कुठे आहे?



डीएपीच्या 50 किलोच्या पोत्यात 23 किलो स्फुरद असते. रोख पैसे मोजून आणलेले हे खत आपण वरून फेकतो. नत्र पाण्याबरोबर मुळापर्यंत जाते. स्फुरद मात्र ओलीतूनच सरकते, तेही काही मिलिमीटर. पावसाने ताण दिला की वरची दोन बोटे माती सुकते, तिथले खत असून नसल्यासारखे. चुनखडीच्या रानात तर चुनाही त्याला बांधून ठेवतो. मग ज्वारीची पाने जांभळी पडतात आणि दुकानदार आणखी एक पोते सुचवतो!

आमचे मत स्पष्ट आहे : खत वाढवू नका, खोल द्या. दोन चाड्यांच्या पाभरीने बियाण्याखाली, ओलीत पेरा. शिफारशीच्या तक्त्यात ओलीचा रकाना आम्हाला कधी दिसला नाही. तो का नाही, हे जिल्हा बैठकीत कृषी खात्याला विचारू.