आकाशातील भट्टी

खडीसाखर करताना पाकाचे भांडे हलू देत नाहीत. हलले तर खडे बिघडतात. संगणकाच्या चिप्ससाठी लागणाऱ्या स्फटिकांचेही तसेच. पृथ्वीवर भट्टीतला तापलेला भाग वर चढतो, थंड भाग खाली बसतो आणि या ढवळाढवळीने स्फटिकात दोष राहतात. अंतराळात वजन जाणवत नाही, म्हणून ही ढवळाढवळ जवळजवळ थांबते.

वेल्समधील कार्डिफच्या ‘स्पेस फोर्ज’ या लहान कंपनीने उपग्रहातच भट्टी बसवायचे ठरवले. तिचा पहिला उपग्रह जानेवारी २०२३ मध्ये रॉकेटबरोबरच नष्ट झाला. दोष रॉकेटचा, नुकसान हिचे! तरीही ब्रिटनच्या अंतराळ संस्थेने हात काढून घेतला नाही. मे २०२५ मध्ये गुंतवणूकदारांनी २ कोटी २६ लाख पौंड दिले, जूनमध्ये दुसरा उपग्रह वर गेला आणि डिसेंबरमध्ये त्यातील भट्टी सुमारे १००० अंशांपर्यंत तापली.

या उपग्रहातून माल खाली येणार नव्हता; ती चाचणी होती. जनतेचा पैसा बुडेल, ही भीती खोटी नाही. पण पहिल्या अपयशालाच मदत थांबली असती, तर ही भट्टी पेटलीच नसती. घरातल्या मुलामुलींच्या पहिल्या धंद्याबाबतही हे ध्यानात ठेवावे.