अढीचा वास

वैशाखांत रत्नागिरीकडील कित्येक घरांत कोठीच्या खोलीमध्यें भाताच्या पेंढ्यांत हापुसची अढी घातलेली असते. सकाळीं तिचा वास जवळ गेल्यासच येतो. दुपारीं मात्र तो ओटीवर बसलेल्यांसहि बेचैन करितो! उष्णतेनें वासाचे कण जलद धांवतात, असें ह्याचें कारण सांगण्यांत येतें. तें खोटें नाहीं, पण फारच अपुरें आहे.

खोली २५ अंशांवरून ३५ अंशांवर गेली तर कणांचा वेग शेंकडा दोनहि वाढत नाहीं. शिवाय हे कण वाटेंत हवेच्या कणांवर एकसारखे आदळत असतात. नुसत्या ह्या धक्काबुक्कीनें ओटी गांठावयाची तर त्यांना दिवसच्या दिवस लागतील. खरा फरक फळाच्या सालीपाशींच पडतो. तेवढ्याच उष्णतेनें पाण्याच्या वाफेचा दाब सुमारें पावणेदोन पट होतो, आणि आंब्यांतील सुवासिक द्रव्यांचेंहि तसेंच आहे. कण अधिक सुटतात. पुढें त्यांना वाहून नेतो तो समुद्रावरून येणारा दुपारचा वारा.

म्हणून गृहिणींनीं अढी पहांटेच्या गारव्यांत हुंगून "अजून अवकाश आहे" असें ठरवूं नये. नासलेलें एखादें फळहि त्या वेळीं लपून राहतें. आणि पिकलेल्या फळांतून निघणारा इथिलीन वायु शेजारच्या फळांना पिकवीतच असतो. शीतगृहांतून आलेल्या पेटीचेंहि असेंच. रत्नागिरीच्या हापुसास २०१८ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें खरें, पण गिऱ्हाईक अजून नाकावरच विसंबतें. गार फळाला वास नाहीं म्हणून पेटी परत करण्यापूर्वीं तें तास-दोन तास घरांत राहूं द्यावें.